शेवटच्या रिळाआधी

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरांनी आज आडपडदा ठेवला नाही. वडिलांचं हृदय थकलंय, औषधं चालू ठेवा, पण फार आशा धरू नका. मी मान डोलावली, जसं काही दुकानदार मला साखर संपली म्हणून सांगत होता! बाहेर आले तर अण्णा बाकावर काठी धरून बसलेले. "काय म्हणाला? पास की नापास?"

"मीठ कमी करा म्हणाला."

एवढंच सुचलं. अण्णा म्हणाले, खोटं बोललीस की तुझी हनुवटी पुढे येते. अहो, ती कायमच पुढे असते! कामावर सगळे चिडवतात— अख्ख्या जगाचे जबडे बसवतेस, स्वतःचा कधी बसवणार? मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर परक्या माणसांच्या तोंडांचे साचे हातात. अशी हनुवटी अण्णांची नाही, धाकट्या भावाची नाही. आईची असणार. पण पडताळायला एक फोटो नाही. आई घरातून गेली तेव्हा आत्याने सगळे फाडून चुलीत घातले.

आई मेली नाही. गेली. मी दुसरीत होते. एका संध्याकाळी होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. त्यावर घरात कधी कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

येताना वाचनालयाच्या दारावर कागद बघितला आणि जागीच थांबले. जुना रहस्यपट, मोफत, सर्वांसाठी, २२ तारखेला संध्याकाळी. आणि पिक्चर कुठला तर अण्णांचा तो!

अण्णा जन्मभर टॉकीजवर डोअरकीपर. हातात बॅटरी, अंगात पितळी बटणांचा कोट. तो पिक्चर त्यांच्या टॉकीजला पुन्हा पुन्हा लागायचा. ब्लॅक अँड व्हाईट, सगळा अंधार, जिने, सिगारेटचा धूर. वकील आपल्याच ऑफिसात मरून पडलाय, दार आतून बंद. खुनी कोण— बायको, भागीदार, डॉक्टर की टायपिस्ट? अण्णांना त्यातलं एकेक वाक्य पाठ. पण शेवट माहीत नाही! खरंच नाही. शेवटचं रीळ लागलं की डोअरकीपरने उठायचं, पडदा सारायचा, दाराबाहेर जाऊन उभं राहायचं. आणि त्या पिक्चरच्या शेवटाला कुणी एक शब्द बोलत नाही, नुसतं संगीत वाजतं. खुनी कोण ते फक्त दिसतं. मग लोक बडबडत बाहेर यायचे, तेव्हा अण्णा मोठ्याने "सावकाश, पायरी आहे! सावकाश, पायरी आहे!" ओरडत राहायचे— कानावर पडू नये म्हणून!

सुट्टी काढून का नाही बघितला? तर म्हणे, सुट्टीच्या दिवशी कोण कामावर जातं. टीव्हीवर एकदा लागला तर उठून बंद केला. टॉकीज पडलं, तिथे आता फरशांचं दुकान आहे. राहिलं ते राहिलंच.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं उड्या मारतील. चहा बशीत ओतता ओतता थांबले. "हाच पिक्चर? नक्की?"

शनिवार, ८ मार्च

मी ठरवलंय. अण्णांना शेवट दाखवायचा. दुसरं माझ्या हातात काय आहे? हृदय मला दुरुस्त करता येत नाही. कवळी असती तर केली असती.

धाकट्याला फोन केला. म्हणाला, "ताई, वेड लागलंय का तुला? त्यांना धाप लागते आणि तू पिक्चरला नेतेस! लॅपटॉपवर दाखव घरी." दाखव म्हणे! दुसऱ्या गावात बसून सल्ले द्यायला काय जातंय. म्हटलं, घरी ते बघत नाहीत, हे तुला माहीत असतं, तू इथे राहत असतास तर. फोन आदळला. नंतर वाईट वाटलं, पण परत केला नाही.

सोमवार, १० मार्च

वाचनालयाच्या मॅडमना भेटले. उत्साही बाई, केस आखूड कापलेले, बोलताना हात हलवतात. मला फक्त दारापासची एक आरामाची खुर्ची हवी होती, म्हणून अण्णांचं सांगितलं. झालं! मॅडमचे डोळे चमकले. "अहो मग त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवू! जुन्या टॉकीजचे डोअरकीपर अण्णा यांच्या उपस्थितीत!" मी म्हटलं, त्यांना नाही आवडायचं असलं काही. त्यांना गर्दी नको, हार नको.

घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "छापू दे की."

मी बघतच राहिले.

बुधवार, १२ मार्च

पोस्टर आलं. अण्णांनी चष्मा पुसून पुसून वाचलं. मग प्रश्न सुरू. कुठे कुठे लावलं? बाजारात लावलं का? बस स्टँडवर? पेपरात येणार का? पेपर बाहेरगावी जातो का?

"अण्णा, निवडणुकीला उभे आहात की काय!"

हसले नाहीत. "बस स्टँडवर लावायला सांग," एवढंच. मला राग आला, खरं सांगायचं तर. जन्मभर साधा म्हणून मिरवलेला माणूस, आणि शेवटी शेवटी नाव छापून यायची ही हौस! पण सांगितलं मॅडमना. त्यांनी स्टँडवरही लावलं, पेपरातही दिलं.

रविवार, १६ मार्च

पाय सुजलेत. बुटात जात नाहीत. रात्री उशा लावून बसूनच झोपतात. धाप ऐकत मी स्वयंपाकघरात उभी राहते आणि काही करत नाही. नुसती ऐकते.

कोट बाहेर काढून उन्हात टाकायला लावला. कसर लागली नाही, नशीब. बटणं त्यांनी स्वतः राखेने घासली. दोन घासली की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढची दोन. मी करते म्हटलं तर हात झटकला.

गुरुवार, २० मार्च

आज बॅटरीत नवे सेल घातले. लागली! एवढ्या वर्षांनी! अण्णांनी लगेच माझ्या पायापाशी उजेडाचा गोल टाकला आणि खोलीभर मला चालवलं. त्यांचा नियम— उजेड पायावर टाकायचा, माणसावर नाही. "अंधारात बसलेल्या माणसावर उजेड टाकायचा नसतो बये, तो काय म्हणून बसलाय आपल्याला काय माहीत." लहानपणी हे ऐकून ऐकून कान किटले होते. आज बरं वाटलं.

विचारलं, "तुम्हाला कोण वाटतं खुनी?"

"भागीदार. फार गोड बोलतो."

शनिवार, २२ मार्च

इतकी चिडलेय की अक्षर नीट येत नाही. तरी पहिल्यापासून लिहिते.

दाढी, कोट, बटणं. रिक्षातून गेलो. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत कपाटं भिंतीला सरकवलेली, घडीच्या खुर्च्या, खिडक्यांना काळे कागद. मागच्या दाराला जाड कापड टांगलेलं, उजेड येऊ नये म्हणून. लोक बऱ्यापैकी. म्हातारेच जास्त, काही नुसतेच पंख्याखाली बसायला आलेले. मॅडमनी अण्णांची ओळख करून दिली, टाळ्या वाजल्या. अण्णा उभे राहिले पण टाळ्यांकडे लक्ष नाही. खुर्च्यांवरून नजर फिरवत होते, रांग संपली की पुढची रांग. मॅडमनी फुलं दिली ती माझ्याच मांडीवर ठेवली.

मी पुढे बसू म्हणाले, दिसेल नीट. नाही! त्यांना दारापासचीच खुर्ची हवी. "तू बस पुढे, तुला तिथून बरं दिसेल." मी त्यांच्या पुढच्या रांगेत बसले. दिवे गेले. एकदोघं उशिरा आले तर अण्णांनी बसल्या बसल्या त्यांना बॅटरी दाखवली. लोकांना मजा वाटली.

पिक्चर चांगला आहे. मला वाटलं नव्हतं. वकिलाच्या घरचा जिना, भिंतीवर कठड्याची सावली, इन्स्पेक्टर सिगारेट तोंडात धरतो पण पेटवत नाही. मी मध्ये मध्ये मागे बघत होते, अण्णा जागे आहेत ना, धाप लागली नाही ना. जागे होते. ओठ हलत होते, संवादांबरोबर.

आणि मग शेवट जवळ आला. इन्स्पेक्टर सगळ्यांना ऑफिसात जमवतो. बोलणं थांबतं. संगीत सुरू होतं. वाटलं, आता! आता बघतील! मागे वळून हसायला गेले—

खुर्ची रिकामी.

अण्णा उठून दारापाशी गेले होते. काठी न घेता! कापड बाजूला सारलं, दाराची मूठ धरली, पाठ पडद्याकडे. सवय! हाडात मुरलेली मेली सवय! मी "अण्णा!" म्हणून हळूच ओरडले, कुणीतरी श्श केलं. उठून ओढून आणू? लोकांच्या पायांतून? एक क्षण तशीच अर्धवट उठलेली राहिले. मग म्हटलं, राहू दे, निदान मी तरी नीट बघते. डोळ्यात तेल घालून बघते आणि त्यांना एकेक गोष्ट सांगते. पडद्याकडे वळले ते मग पापणीसुद्धा हलवली नाही.

तेवढ्यात मागून माझ्यावर बॅटरीचा उजेड पडला. पाठीवर, मग मानेवर, गालावर. बराच वेळ. कोण टाकणार होतं अण्णांशिवाय! उजेड पायावर टाकायचा म्हणून जन्मभर शिकवणारे, आणि आज माझ्याच तोंडावर! मी वळले नाही. हाताने नुसतं "नको" केलं. गेला मग.

टायपिस्ट. खुनी टायपिस्ट आहे. बायकोने काढून ठेवलेला हातमोजा ती उचलते, आणि तो तिच्या हाताला बरोबर बसतो. कुणी बोलत नाही. ती खिडकीकडे चालत जाते आणि संपतं.

दिवे लागले. अण्णा बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे, बॅटरी खाली धरून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, "सावकाश, पायरी आहे." तिथे पायरी नाहीच! सपाट फरशी आहे. लोक हसून "हो अण्णा" म्हणत होते. आणि त्यांचा चेहरा— काय सांगू, मी इतका हलका झालेला चेहरा कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. डोळे ओले होते. मी मात्र रिक्षात धुमसत बसले. सगळी मेहनत पाण्यात.

रविवार, २३ मार्च

सकाळी अण्णांनी अख्खं अंडं आणि पाव खाल्ला. वर चहा मागितला. मी भांडी आपटत होते.

"रागावलीस?"

"मग काय आरती ओवाळू? शेवट बघायला नेलं होतं तुम्हाला!"

"तू बघितलास ना? झालं तर."

"सांगू कोण ते?"

"अजिबात नको!"

या माणसापुढे हात टेकले.

बुधवार, २६ मार्च

आज अण्णा आपणहून बोलले. मी पायाला तेल लावत होते. खाली माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा हाच पिक्चर लागला होता."

माझा हात थांबला. त्यांचा नाही थांबला, चादरीची कड नीट करत राहिले. मग तुकड्या तुकड्याने सांगितलं. आई त्या संध्याकाळी टॉकीजला आली होती. शेवटच्या रांगेत बसली, मांडीवर पिशवी. शेवटचं रीळ लागायच्या आधी उठली आणि अण्णांच्या दारापाशी आली. अण्णांनी पिशवी बघितली. समजले. बाहेर कोण उभं होतं तेही समजले. ती म्हणाली, "दार उघडता ना?" आणि त्यांनी कडी काढली. बॅटरी तिच्या पायावर धरली. तोंडातून एवढंच निघालं— सावकाश, पायरी आहे.

"मी अडवायला हवं होतं का गं?"

लहानपणी तापात पडले होते तेव्हा मी तिच्या नावाने रडायचे आणि हा माणूस उशाशी बसून असायचा. किती राग येतो मला तिचा! आणि त्यांचा नाही, हे कसं? म्हटलं, "दार उघडणं तुमचं काम होतं." ते म्हणाले, "हो ना. ती घरात गुदमरत होती. मला दिसत होतं. पण तुम्ही दोघं होतात. ते तेव्हा मला सुचलं नाही. तिलाही नसेल सुचलं."

मग मीच विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलं? "तू विचारलं नाहीस." खरं आहे.

आणखी काहीतरी सांगायचं होतं त्यांना, तोंड उघडलं होतं. पण धाप लागली, आणि नंतर म्हणाले, "जाऊ दे. शब्द दिलाय." कुणाला, कसला? गुंगीत असतील. औषधाने होतं तसं.

शनिवार, २९ मार्च

दवाखान्यात. नळ्या. मी खुर्चीत. धाकटा निघालाय.

मंगळवार, १ एप्रिल

मला राहवलं नाही. सकाळी जरा शुद्धीत होते तेव्हा कानाशी वाकून म्हटलं, "अण्णा, टायपिस्ट. टायपिस्टने मारलं त्याला."

एक डोळा उघडला. मास्कच्या आतून म्हणाले, "सांगितलंस ना शेवटी!" मग थोड्या वेळाने, "मला वाटलं भागीदार."

बुधवार, २ एप्रिल

अण्णा गेले. पहाटे. धाकटा पोचायच्या आधी.

रविवार, ६ एप्रिल

येणारे येऊन गेले. धाकटाही गेला. जाताना दारात माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. मी त्याला आईचं सांगणार होते, ते टॉकीजचं, दाराचं. नाही सांगितलं. त्याच्यासाठी ती कधीच नव्हती, तो पाळण्यात होता. म्हटलं, पुढे कधीतरी.

उद्यापासून कामावर. पाच कवळ्या खोळंबल्यात, मालकांचा निरोप होता. लोकांना जेवायचं असतं.

मंगळवार, ८ एप्रिल

कोट खुंटीवर आहे. काढवत नाही. बॅटरी सापडत नाही, सगळं घर पालथं घातलं. वाचनालयातच राहिली असणार.

रविवार, १३ एप्रिल

मॅडम येऊन गेल्या. बॅटरी द्यायला. आत्ताच गेल्या. चहाचा कप अजून तसाच आहे.

म्हणाल्या, "तुमच्या मावशींनाही कळवलंत ना?" मी म्हटलं, मला मावशी नाही. "अहो मग त्या कोण? त्या दिवशी शेवटच्या रांगेत होत्या. पेपरात वाचून आदल्या दिवशी फोन केला होता मला. अण्णा खरंच येणार का, मुलगी येणार का. बसने आल्या. थकलेल्या होत्या खूप. उशिरा आल्या, अण्णांनीच बॅटरी दाखवून बसवलं. तुमच्यासारखीच हनुवटी, म्हणून मला वाटलं मावशी."

त्या सांगत राहिल्या. पिक्चर संपायच्या जरा आधी ती बाई उठली. अण्णा उठून दारापाशी गेले, तिच्यासाठी. मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. बाईने विचारलं, "यातली ती कुठली?" अण्णांनी बॅटरी उचलली आणि माझ्यावर धरली. बाई बघत राहिली. अण्णा म्हणाले, "हाक मारू?"

ती म्हणाली, "नको. पिक्चर बघतेय ती. बघू दे. मी आले होते हेही सांगू नका."

तेव्हाच मी हात केला होता. नको म्हणून. तो तिने बघितला असणार.

मॅडमच्या फोनमध्ये नंबर आहे तिचा. मी विचारलं, "बाहेर पडताना अण्णा काही म्हणाले का तिला?" मॅडम म्हणाल्या, "तेच नेहमीचं. पायरीचं."